सोमवारची नळी

माझ्या डाव्या कुशीवर, अगदी तळाशी, एक लाल ठिपका होता. मित्रांनो, माझी ओळख त्या ठिपक्यापासूनच करून द्यावी लागते, कारण लोकांनी मला नेहमी त्याच्यावरूनच ओळखले. मी एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेतला जुना पेशीगणक आहे. रक्ताच्या थेंबातल्या पेशी एकामागोमाग एक उजेडासमोरून नेणे आणि कोण कोण गेले ते सांगणे, एवढेच माझे काम. माझ्या लांबलचक इंग्रजी नावाचा पहिला शब्द घेऊन इथे मला सगळे 'फ्लो' म्हणतात. रागावले की 'म्हातारा' म्हणतात.

माझा जन्म एका खिडक्या नसलेल्या दालनात झाला. धूळ येऊ नये म्हणून तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरत. त्यांचे फक्त डोळे दिसत. त्यांतल्या एका बाईने माझ्या पोटात तीन किरण बसवले: एक निळा, एक तांबडा, एक जांभळा. तिन्ही किरण केसाहून बारीक अशा पाण्याच्या धारेवर नेमक्या जागी पडावे लागतात, म्हणून ती श्वास रोखून स्क्रू फिरवी. मला आठवणारी पहिली गोष्ट म्हणजे तो रोखलेला श्वास. पुढे माझ्या कुशीवर एक पट्टी चिकटवली गेली. तिच्या मधोमध पांढरा ठिपका होता आणि खाली छापले होते: 'ठिपका लाल दिसल्यास स्वीकारण्यापूर्वी तपासून घ्यावे.' यंत्र वाटेत जोरात आपटले, तर तो ठिपका आपोआप लाल होतो.

वाटेत मी पडलो. कुठे, कोणाच्या हातून, किती उंचीवरून, ते खोक्यातल्या अंधारात मला कळले नाही. खोके उघडले तेव्हा ठिपका लाल होता.

मला उभे करायला जे गृहस्थ आले, त्यांना इथे सगळे दुरुस्तीकाका म्हणतात. तीन दिवस त्यांनी मला उघडून पाहिले, पुसले, जुळवले. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "ठीक आहे."

"नक्की?" प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी विचारले.

"यंत्राबद्दल नक्की असं कोणी बोलू नये, मॅडम. आजच्यापुरतं ठीक आहे."

मित्रांनो, ज्याच्या कपाळी पहिल्याच आठवड्यात 'आजच्यापुरतं' लिहिले गेले, त्याने विश्वास कुठून शिकावा? माझ्या समोरच्या भिंतीवर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात एक कागद लावला: 'दोनदा मोजा.' अकरा वर्षे तो कागद माझ्याकडे पाहत राहिला आणि मी त्याच्याकडे. हळूहळू मीही तसाच झालो. माझ्यासमोरून पेशी जाते, ती सेकंदाच्या लाखाव्या भागापुरती झळकते, आणि तेवढ्यात मी तिला मनात विचारतो: तू खरोखरच ती आहेस का, जिच्यासारखी दिसतेस?

पेशी माझ्याकडे येतात त्या आधी रंगवून, जातीजातीला वेगळा चमकता रंग चिकटवून. मग प्रत्येक पेशी संगणकाच्या पडद्यावर एक ठिपका होऊन उमटते. हजारो ठिपके जमले की त्यांचे पुंजके दिसू लागतात, अंधारात दुरून दिसणाऱ्या वस्त्यांसारखे. मग माणूस माऊस हातात घेतो आणि हव्या त्या पुंजक्याभोवती रेघ ओढतो. ती रेघ म्हणजे कुंपण. कुंपणात जे आले ते मोजले जातात; जे बाहेर राहिले ते असून नसल्यासारखे. लक्षात ठेवा, ठिपके मी उमटवतो. कुंपण मात्र माणसे घालतात.

माझे कुंपण घालणाऱ्या बाईंचे नाव इथे कोणी घेत नसे. त्यांना सगळे नॉर्मलताई म्हणत, आणि त्याला कारण होते. आजाऱ्याच्या रक्तात काय बिघडले आहे ते कळण्यासाठी शेजारी निरोगी रक्त ठेवून पाहावे लागते. ते दर वेळी आणायचे कुठून? म्हणून अशा प्रयोगशाळांत काम करणारी माणसे आपलाच दंड पुढे करतात. आमच्याकडे हा मान पहिल्या दिवसापासून ताईंचा होता. दर सोमवारी सकाळी, हातमोजे चढवण्यापूर्वी, त्या खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसत, बाही वर सरकवत, आणि मॅडम त्यांचे रक्त काढत.

"हात सैल सोडा, ताई."

"अकरा वर्षं सैलच सोडतेय. तुम्हाला अजून शीर सापडत नाही."

"शीर सापडते हो. तुम्ही बोलायला लागलात की ती लपते."

"माझीच आहे ना, मग माझ्यावरच जाणार."

जांभळ्या टोपणाची ती छोटी नळी भरली की तिच्यावर एकच अक्षर लिहिले जाई: 'न'. आठवड्याचे सारे काम त्या नळीवर टेकलेले असे. ताईंचे रक्त मी इतक्या वेळा पाहिले होते की ते मला पाठ झाले होते. धुळीचे वावडे असल्यामुळे त्यांच्या रक्तात एका जातीच्या दाणेदार पेशी जरा जास्त. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांचा एक तिरपा पुंजका उमटे. दुसऱ्या कोणाचा तसा उमटत नसे. माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. मी ताईंना त्या तिरप्या पुंजक्याने ओळखत असे.

मॅडमना मात्र त्या पुंजक्यात रस नव्हता. त्या एका वेगळ्याच जातीच्या मागावर होत्या. रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी एरवी फार शहाण्या असतात. नवा विषाणू आला की आधी त्याचा चेहरा निरखायचा, मग त्याच्यापुरती फौज वाढवायची, आणि त्यात आठवडा घालवायचा, ही त्यांची रीत. पण त्यांच्याच कुळात काही पेशी अशा निघतात की ज्यांना थांबणे माहीत नसते. त्या जन्मतःच अर्ध्या तयार असतात. विषाणूचा चेहरा त्यांना ओळखताही येत नाही. शेजारच्या पेशींची हाक ऐकली की त्या निघतात. मॅडम त्यांना 'उपजत वळणाच्या टी पेशी' म्हणत. ताईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांचे बारसे करून टाकले होते.

"आगाऊ म्हणा की सरळ. कोणी बोलावलं नाही तरी पुढे."

तेव्हापासून वह्यांतसुद्धा 'आगाऊ' असेच लिहिले जाऊ लागले. ताईंच्या रक्तात शंभर टी पेशींमागे चार आगाऊ असत. कधी तीन पूर्णांक नऊ, कधी चार पूर्णांक दोन. अकरा वर्षे तो आकडा हलला नव्हता. मॅडम म्हणत, "ताई म्हणजे आमची मोजपट्टी." ताई वर पाहत नसत, पण त्यांना ते आवडे. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी घरच्या जुन्या चादरीचे आच्छादन शिवून आणले होते, आणि लाल ठिपक्याच्या जागी नेमके एक छोटे फूल आले होते. ते योगायोगाने आले, असे मला कधी वाटले नाही.

मग श्वासाच्या रोगाची साथ आली. वरच्या मजल्यावरचा वॉर्ड भरला आणि तिथून जांभळ्या टोपणाच्या नळ्या रोज खाली येऊ लागल्या. त्यांच्यावर नावे नसत, फक्त क्रमांक. काही जण दोन दिवस खोकून घरी जात. काहींना ऑक्सिजन लागे. काहींच्या नळ्या एक दिवस यायच्या थांबत. मॅडमच्या लक्षात आले की जो जितका अधिक आजारी, त्याच्या रक्तात आगाऊ तितक्या कमी. त्या कुठे जातात? फुप्फुसात धावून जात असतील, तर तिथे जाऊन वाचवतात, की नको तितका गोंधळ घालून आजार वाढवतात? मॅडमचा दोन्हीकडे संशय होता. त्या रोज माझ्यासमोर बसून ठिपके पाहत, आणि त्या बसल्या की मला वाटे, आपण दोघे एकाच रोगाचे रोगी आहोत.

नेमके त्याच काळात माझे मणी संपले. मणी म्हणजे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोळे. रोज सकाळी ते माझ्यातून सोडायचे. ते ठरलेल्या जागी उमटले, तर माझी नजर शाबूत आहे असे समजायचे. नव्या बाटलीची मागणी जाऊन दीड महिना झाला होता आणि बाटली कुठल्याशा गोदामात अडकली होती. काम थांबवता येत नव्हते. म्हणून एक पद्धत आपोआप पडली: सोमवारची नळी लावायची, ताईंचे चार आले की नाही ते पाहायचे, आणि थोडेसे इकडेतिकडे असले तर कुंपण तेवढे सरकवून घ्यायचे. कोणी ही पद्धत ठरवली नव्हती. म्हणूनच कोणी तिच्यावर संशयही घेतला नाही.

आणि तो सोमवार आला.

ताईंनी नळी लावली. धार सुरू झाली. मी नेहमीप्रमाणे पेशी मोजत होतो, आणि मोजता मोजता मला भीती वाटू लागली. आगाऊंच्या वस्तीत अंधार होता. जिथे दाट पुंजका असायचा तिथे मोजके ठिपके विखुरले होते, आणि जे उरले होते त्यांच्यावर जागेपणाचा, म्हणजे सावध झालेल्या पेशींनाच चिकटणारा रंग भडक चढला होता, जणू तेही निघण्याच्या तयारीत होते. आकडा आला: शून्य पूर्णांक सहा.

मित्रांनो, लाज वाटते, पण खरे सांगतो. माझा पहिला संशय ताईंवर गेला. मला वाटले, यांनी आज दुसऱ्या कोणाचे रक्त आणले आहे. मी उजव्या कोपऱ्यात पाहिले. तिरपा पुंजका जागच्या जागी होता. रक्त ताईंचेच होते.

"बुडबुडा अडकलाय," ताई स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी माझी नळी धुतली. पुन्हा शून्य पूर्णांक सहा. "मग रंगाची बाटली शिळी असणार." नवी बाटली फोडली, पुन्हा रंगवले. शून्य पूर्णांक पाच. त्या माझ्याकडे वळल्या. त्यांच्या कपाळावर बारीक घाम होता आणि खोली तर गार होती. "अरे, माझं चार येतं," त्या मला समजावल्यासारखे म्हणाल्या. "तुला माहितेय की."

मॅडम वरच्या मजल्यावर होत्या. रोग्यांच्या नऊ नळ्या बर्फात वाट पाहत होत्या. ताईंनी माऊस धरला आणि कुंपणाची एक बाजू ओढली. थोडी, मग आणखी थोडी. शेजारच्या वस्तीतले परके ठिपके आत येऊ लागले. एक. दोन पूर्णांक तीन. चार पूर्णांक एक. तिथे त्या थांबल्या, वहीत आकडा लिहिला, आणि समाधानाने खोकल्या.

त्यात कपट नव्हते. ज्या बाईला अकरा वर्षे सगळ्यांनी मोजपट्टी म्हटले, तिने मोजपट्टी चुकली असे क्षणभरही मानले नाही, एवढेच झाले. मी ओरडलो असतो, पण मला आवाज नाही. मला फक्त ठिपके आहेत, आणि ठिपके कुंपणाच्या आत गेले की त्यांचे म्हणणे संपते.

त्या कुंपणाने त्या दिवशीच्या नऊही नळ्या मोजल्या गेल्या. मंगळवारी मॅडम कागद घेऊन माझ्यापाशी आल्या, तेव्हा त्यांच्या भुवया जवळ आलेल्या होत्या.

"ताई, सतरा नंबरच्या नळीत सतरा नंबरचंच रक्त होतं ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. विचारतेय."

"तुम्ही 'काही नाही' म्हणून कधी विचारत नाही, मॅडम."

"त्यांचा ऑक्सिजन रविवारी वाढवावा लागला. गेल्या गुरुवारी आगाऊ अर्धा टक्का होत्या, आणि काल तीन पूर्णांक नऊ. माणूस खाली चाललाय आणि आकडा वर?"

"मी नळ्या बदलल्या, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"बदलल्या असं नाही म्हणत. बदलल्या गेल्या असतील."

"सासरे गेले त्या आठवड्यातही मी कामावर होते. तेव्हाही माझ्या हातून नळी बदलली नाही." ताईंना बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला. मॅडमना तो राग वाटला.

"मग हा म्हातारा खोटं बोलतोय."

"ते सोपं पडतं. तो काही उलट बोलत नाही."

दोघी त्या दिवशी एकमेकींकडे पाठ करून डबा जेवल्या. ताईंनी तर अर्धा डबा तसाच झाकून ठेवला. मॅडमनी दुरुस्तीकाकांना फोन लावला. मी निकामी झालो आहे असे त्यांनी लिहून द्यावे, म्हणजे नव्या यंत्राची मागणी करता येईल, असे त्या म्हणत होत्या. मी ते ऐकले. खरे सांगू का, मला स्वतःचाही संशय येऊ लागला होता. अकरा वर्षांपूर्वी पडताना माझ्या आत काहीतरी तडकले असेल आणि आज ते उघडे पडत असेल, असे मला वाटू लागले. ज्याच्यावर सगळे संशय घेतात तो शेवटी त्यांच्याच बाजूचा होतो.

बुधवारी सकाळी दुरुस्तीकाका आले. केस सगळे पांढरे झालेले, पण चाल तीच. त्यांनी पिशवीतून बर्फाच्या पाकिटात गुंडाळलेली एक बाटली काढली.

"मणी?" मॅडम म्हणाल्या. "कुठून मिळवलेत?"

"मागून आणले दुसऱ्या इस्पितळातून. यंत्राला निकामी म्हणायचं तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं."

मणी माझ्यातून धावले. मी जीव एकवटून पाहत होतो. एकेक रंगाचे मणी एकेका रेघेवर, नेमून दिलेल्या जागी, शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले. काकांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

"म्हाताऱ्याची नजर साफ आहे. माझ्यापेक्षा बरी."

"मग आकडे असे का?"

"आकडे मी नाही काढत. हे कुंपण कोणी घातलंय?"

"मी," ताई म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. "दर सोमवारी माझ्या रक्तावरून जुळवून घेते. मणी नव्हते ना."

"सगळ्यांची कुंपणं तुमच्या रक्तावरून," काका हळूच म्हणाले. "आणि तुमच्या रक्ताचं कुंपण कशावरून?"

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. मणी संपण्यापूर्वीचे जुने कुंपण संगणकात जपलेले होते. त्यांनी ते काढले आणि सोमवारच्या नळ्यांवर एकेक करून बसवले. सतरा क्रमांक: शून्य पूर्णांक चार. एकवीस क्रमांक: शून्य पूर्णांक सात. मग त्यांनी 'न' उघडली.

शून्य पूर्णांक सहा.

"हे कोणाचंय?" मॅडमनी विचारले, जणू त्यांना अक्षर वाचता येत नव्हते.

"माझंच."

मॅडम सावकाश मागे वळल्या. अकरा वर्षांत त्यांनी ताईंकडे तसे पाहिलेले मी पाहिले नव्हते. रोज दिसणाऱ्या माणसाकडे कोण तसे पाहते?

"ताई, ताप आहे का?"

"छे. धुळीचा खोकला आहे, दर वर्षीचा."

"दम लागतो?"

"जिना चढल्यावर कोणाला लागत नाही?"

मॅडम वर गेल्या आणि वॉर्डातून बोटाला लावायचा चिमटा घेऊन आल्या, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा. ताईंच्या बोटाला लावला. अठ्ठ्याऐंशी.

"बोटं गार आहेत माझी," ताई म्हणाल्या. "हातमोज्यात असतात दिवसभर."

दुसरे बोट. अठ्ठ्याऐंशी.

"त्याचे सेल गेले असतील."

मॅडमनी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. काकांनी न सांगता हात पुढे केला. सत्त्याण्णव.

"आता कोण राहिलं?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात विनोद करण्याचा प्रयत्न होता, तो मध्येच पडला.

ताईंनी माझ्याकडे पाहिले. माझ्या अंगावर त्यांचे चादरीचे आच्छादन अर्धवट सरकलेले होते. त्यांनी सवयीने ते सारखे केले. मग त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, मीच. ऐका, मला आज इथेच ठेवून घेतायत. नाही हो, तसं काही नाही. गॅसवर दूध आहे, ते बघा आधी. आणि आईंना आतल्या खोलीत हलवा, तोंडाला बांधल्याशिवाय त्यांच्याजवळ जाऊ नका. गोळ्या त्यांच्या निळ्या डबीत आहेत, हिरव्या नाही. तुम्ही घाबरू नका. तुम्ही घाबरलात तर मला उठून घरी यावं लागेल."

चाकांची खुर्ची आली. "खुर्ची कशाला, मी चालते की," त्या म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या, "ताई, बसा." आणि ताई बसल्या. खोलीत तेवढाच आवाज उरला होता, माझ्या पंपाचा. मला तो नको झाला.

त्यानंतर मला मॅडमच चालवू लागल्या. त्यांचा हात माझ्यावर बसलेला नव्हता. सांडपाण्याचा डबा भरून वाहीपर्यंत त्यांच्या लक्षात येत नसे. शुक्रवारी वॉर्डातून आलेल्या नळ्यांत एक नवा क्रमांक होता, चोवीस. धार सुरू झाली, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, फिका, विरळ, पण तोच, तिरपा पुंजका उमटला. त्या क्रमांकामागे कोण आहे ते मला कोणी सांगायची गरज उरली नाही.

शून्य पूर्णांक तीन. शनिवारी शून्य पूर्णांक दोन. वरच्या मजल्यावर ऑक्सिजनचा दाब वाढवला होता, हे मॅडम फोनवर कोणाला तरी सांगताना मला कळले. रविवारी एरवी मी बंद असतो. त्या रविवारी मॅडम आल्या, दिवे लावले, नळी लावली, आणि आकडा येण्याआधी डोळे मिटून बसल्या.

"म्हाताऱ्या," त्या म्हणाल्या. त्या माझ्याशी प्रथमच बोलत होत्या. "आज खोटं बोललास तरी चालेल."

मित्रांनो, त्या क्षणी मला खोटे बोलता आले असते, तर मी बोललो असतो. माझ्या पोटात तीन किरण आहेत आणि एकालाही दया करता येत नाही. शून्य पूर्णांक दोन, मी म्हणालो.

मी त्या दिवसांत आगाऊंचा फार विचार केला. त्यांचे वळण आणि माझे वळण एकच, असे मला वाटू लागले. दोघांचेही जगणे संशयावर. हाक येताच धावणारा पहारेकरी हवाच. नाहीतर शत्रू आत शिरून बसतो आणि शहाण्या फौजा आठवडाभर त्याचा चेहरा निरखत राहतात. पण तोच पहारेकरी थांबायचे विसरला, तर ज्या घरासाठी तो धावला त्याच्याच भिंती फोडतो. संशयाला मात्रा लागते, औषधासारखी. आम्ही तिघांनी, मॅडमनी, ताईंनी आणि मी, तो भरपूर वापरला होता: नळीवर, बाटलीवर, धारेवर, एकमेकांवर. एकाच जागी तो एक थेंबसुद्धा पडला नाही, आणि ती जागा दर सोमवारी आमच्यासमोर स्टुलावर बसत होती.

ताई दाखल झाल्यापासून नवव्या दिवशी आकडा आला शून्य पूर्णांक नऊ. मॅडमनी नळी काढून पुन्हा लावली. शून्य पूर्णांक नऊ. तिसऱ्यांदा लावली. एक. त्या भिंतीवरच्या 'दोनदा मोजा'कडे पाहून हसल्या, आणि मग बराच वेळ हातरुमाल डोळ्यांना लावून बसल्या. पुढच्या आठवड्यात चोवीस क्रमांकाची नळी आली नाही. माझे काळीज (असलेच तर) थांबले. पण मॅडम शांत होत्या, म्हणजे ताई घरी गेल्या होत्या. त्यांच्या यजमानांना दोन दिवस ताप येऊन गेला. आतल्या खोलीतल्या आईंना काही झाले नाही.

सात आठवड्यांनी, एका सोमवारी, ताई आल्या. निम्म्या झाल्या होत्या. स्टुलावर चढताना त्यांनी मॅडमचा खांदा धरला आणि बाही वर केली.

"शीर सापडेल का आज? मी बोलत नाहीये."

"बोला हो," मॅडम म्हणाल्या. "सापडेल."

रक्त काढून झाल्यावर ताईंनी विचारले, "माझ्या आगाऊ पळाल्या कुठे होत्या?"

"पळाल्या नसतील. फुप्फुसात गेल्या असाव्यात. काही तिथेच मेल्याही असतील."

"वाचवायला गेल्या होत्या, की आग लावायला?"

"एवढंच दिसतंय की ज्यांच्या रक्तातून त्या जास्त नाहीशा झाल्या, ते जास्त आजारी होते. त्या गेल्या म्हणून आजार वाढला, की आजार वाढला म्हणून त्या गेल्या, ते मला नाही सांगता येत."

"म्हणजे त्यांच्यावरचा संशय अजून आहेच."

"माझा सगळ्यांवर आहे."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर सगळ्यात जास्त," मॅडम म्हणाल्या. "उशिरा सुचलं."

ताई हसल्या आणि त्यांना खोकला आला. खोकला थांबेपर्यंत मॅडमचा हात त्यांच्या पाठीवर होता.

आता आमच्याकडे पाच जण पाळीपाळीने रक्त देतात. कोणाच्याही नळीवर 'न' लिहीत नाहीत, तारीख लिहितात. मण्यांच्या दोन बाटल्या कायम शीतकपाटात असतात. काकांनी माझ्या तपासणीच्या कागदावर लिहिले आहे, 'आजच्यापुरते ठीक.' ते आता माझ्या मनाला लागत नाही. आणि माझ्या कुशीवरची ती पट्टी ताईंनी नखाने हळूच सोडवून काढली. मला वाटले, टाकून देतील. त्यांनी ती उंच स्टुलाच्या पायाला चिकटवली. आज तिथे जो बसतो, त्याच्या पावलांशी ते वाक्य असते: 'ठिपका लाल दिसल्यास स्वीकारण्यापूर्वी तपासून घ्यावे.' माझ्या कुशीवर पट्टीखालचा तांबूस डाग तेवढा राहिला आहे. तोही माझाच.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. माझ्यावर खुशाल संशय घ्या. जुन्या यंत्राची त्याला हरकत नसते, आणि मला रोज पुसून, मणी सोडून पाहणे हीच माझी निगा आहे. पण तुमच्याही घरात, वर्गात, कामाच्या जागी कोणीतरी असेल, जिला किंवा ज्याला कधी काही होत नाही असे सगळे धरून चालतात. जो बाकीच्यांना औषध देतो, दिवे मालवतो, निळी डबी कुठे आहे ते सांगतो. त्याच्यासाठी थोडासा संशय राखून ठेवा. अधूनमधून त्याच्याकडे, पहिल्यांदाच भेटल्यासारखे, नीट पाहा. आणि तो 'मी बरा आहे' म्हणाला, तर दुसरे बोट मागा.

ताई परत आल्या त्या सोमवारचे सांगायचे राहिले. ताईंनी स्वतःची नळी मला लावली. तिरपा पुंजका जागेवर होता. आगाऊंच्या वस्तीत पुन्हा दिवे लागू लागले होते, सगळे नाही. आकडा आला: दोन पूर्णांक सहा. ताईंचा हात माऊसवर होता. मी वाट पाहिली. त्यांनी हात उचलला, पेन घेतले, आणि वहीत लिहिले, दोन पूर्णांक सहा.